मशिनीचं उघडं कपाळ

"कुठं कामाला असता?" असं कुणी विचारलं की हौसेराव छाती काढून सांगत, "रबाळ्याला. कंपनीत." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत खिशातली सुपारी चाचपत, नाहीतर काहीतरी एकदम आठवल्यासारखं करून चालू लागत. कारण पुढचा प्रश्न ठरलेला. काय बनवते कंपनी? आता काय सांगणार, कपाळ! माणूस इतके महिने एका ठिकाणी राबतोय आणि तिथं बनतं काय, हेच त्याला धड ठाऊक नाही. दिघ्याच्या चाळीत ही गोष्ट फुटली असती तर पोरंसोरं खिदळली असती.

तसे हौसेराव मठ्ठ नव्हते हो. पाटणकडचा गडी, थोरल्या भावाशी विहिरीच्या पाळीवरून वाजलं तसा तरणाताठा असतानाच घर सोडून आलेला. "पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार न्हाय," असं भर चावडीवर बोलून आलेला. आणि हा माणूस बोलला म्हणजे बोलला. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून त्यांनी जन्म काढला. पाठीवर गोणी आणि जिभेवर शिवी, दोन्ही सारख्याच वजनाच्या. मग एक दिवस ट्रकच्या फळीवरून पाय घसरला. गोणी अंगावर, हौसेराव खाली. डॉक्टरनं सांगितलं, "यापुढं पाण्याची कळशीसुद्धा जपून उचला." माथाड्याला असं सांगणं म्हणजे मग त्यानं करायचं काय? घरात बसून वेणूबाईचं तोंड बघायचं?

तेव्हा मार्केटातल्या मुकादमाच्या ओळखीनं ही नोकरी लागली. नंदकुमार नावाचे एक तरुण साहेब, रबाळ्याच्या एमआयडीसीत एक गाळा भाड्यानं घेऊन बसलेले. गाळ्यात तीनच माणसं. साहेब, प्रियदर्शिनी नावाच्या एक इंजिनीयर म्याडम, आणि आता हौसेराव. साहेबांनी मुलाखत घेतली ती अशी. "विडी ओढता?" "न्हाय." "हात पुढे करा बघू. थरथरत नाहीत ना?" झाली मुलाखत. शिक्षण नाही विचारलं, गाव नाही विचारलं. हौसेराव घरी येऊन वेणूबाईला म्हणाले, "माणूस बरा दिसतोय, पण जरा हललेला वाटतोय."

पहिल्याच आठवड्यात त्याची खात्री पटली. साहेब त्यांना कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे घेऊन गेले आणि तिथून त्यांनी काय उचललं? मोडके कॉम्प्युटर. बटणं उडालेले कीबोर्ड. गाण्याच्या असतात तसल्या कॅसेटी, पण त्यांत गाणी नाहीत, कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ! डबीवर राक्षसांची नाहीतर विमानांची चित्रं. साहेब एकेक कॅसेट उचलत आणि एखाद्या बाईनं सोन्याच्या दुकानात पाहावं तसं उजेडात धरून पाहत. "हौसेराव, ही बघा! ही मिळत नाही आता कुठे!" मिळणार कशी, लोकांनी टाकून दिली म्हणून तर ती भंगारात आली, असं हौसेरावांच्या ओठावर आलं होतं. गिळलं त्यांनी. तो सगळा पसारा गाळ्याच्या पोटमाळ्यावर गेला. तिथं आधीच भिंतभर पसारा होता.

"लई जुनं हाय का सायेब हे?"

"दहा-बारा वर्षांचं."

हौसेराव बघतच राहिले. त्यांच्या घरातली विळी याहून म्हातारी होती. पहिला महिनाभर त्यांची समजूत अशी की ही कंपनी पोरांची मोडकी खेळणी विकत घेते, आणि एक ना एक दिवस ती साफ बुडणार.

मग गाळ्यातली ती काचेची खोली उभी राहिली आणि गोंधळ आणखी वाढला. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर, अंगावर पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. आत एक मशीन, कपाटाएवढं. साहेबांनी एकदा कौतुकानं समजावून सांगितलं. "कॉम्प्युटरच्या पोटात चिप असते ना, ती एका चकतीवर बनवतात. बशीएवढी चकती, आरशासारखी. ती आधी धुवून, गरगर फिरवून वाळवावी लागते. हे मशीन ते काम करतं. असं मशीन बाहेरच्या देशातून येतं. आपण इथं बनवतोय."

"म्हंजे आपून चिप बनवत न्हाय?"

"नाही."

"चकती?"

"तीही नाही."

"मग आपून त्या चकतीचे धोबी?"

साहेब पोट धरून हसले. "धोबी नाही हो. धोब्याला मशीन बनवून देणारे."

हौसेरावांनी ती चकती पाहिली होती. त्यात तोंड दिसत होतं, अगदी नाकावरचा तीळसुद्धा. एवढी लख्ख वस्तू धुवायची कशाला, हे त्यांना काही केल्या कळेना. पण एक गोष्ट मात्र पक्की कळली होती. बंगलोरच्या एका सरकारी प्रयोगशाळेतली साहेब मंडळी येऊन हे मशीन तपासणार होती. मशिनीतून निघालेल्या चकतीवर कण दिसला नाही, तर मशीन पास, कंपनी चालू. कण दिसले तर मशीन नापास आणि गाळ्याला कुलूप. कुलूप लागलं म्हणजे हौसेरावांनी जायचं कुठं? पाठ गेलेल्या माथाड्याला दारात कोण उभं करतं? उरला एकच रस्ता, गावचा. थोरल्या भावाच्या दारचा.

म्हणून त्यांनी मशिनीची सेवा मांडली. आता इथं माणूस समजून घ्या. हौसेराव पालीच्या खंडोबाचे. घरात देवाऱ्यापुढं भंडाऱ्याची डबी, सकाळी आंघोळ झाली की वेणूबाई त्यांच्या कपाळाला बोटभर भंडारा ओढणार, मग माणूस घराबाहेर. मार्केटात असताना वजनकाट्याला भंडारा, ट्रकच्या बॉनेटला भंडारा, नव्या हातगाडीच्या चाकाला भंडारा. ज्याच्या जिवावर पोट चालतं त्याला कोरडं ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. कुणाला विचारून करायची गोष्टच नव्हती ती.

म्याडमनी पहिल्याच दिवशी दम दिला होता. "काका, आत धूळ नको, पावडर नको, डोक्याला तेल नको. तोंड साबणानं धुवून यायचं." हौसेरावांनी एका शब्दानं वाद घातला नाही. गाळ्याच्या नळावर रोज साबण लावून कपाळ धूत. माणसाचं कपाळ घामट, ते धुवायला काही हरकत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण मशिनीचं काय? नवंकोरं मशीन, अजून कुठं चाललं नाही, कुणाची दृष्ट लागली नाही, ते उघड्या कपाळाचं कसं ठेवायचं? किल्ली त्यांच्याकडंच असे. सकाळी म्याडम यायच्या आधी ते पांढरा झगा, टोपी, मोजे, सगळं शिस्तीत घालून आत जात आणि मशिनीच्या मागच्या बाजूला, खाली, जिथं पंख्याची जाळी होती तिथं चिमूटभर भंडारा लावत. पुढं लावला तर काचेवर डाग दिसेल आणि म्याडमना पुन्हा पुसावं लागेल, एवढी काळजी बाळगून! मग पोटमाळ्यावर जाऊन साहेबांच्या त्या लाडक्या खेळण्यांनाही लावत. साहेबांचा जीव त्यांच्यात, मग त्यांनी काय घोडं मारलंय?

धूळ न्यायची नाही म्हणून सांगितलं होतं. भंडारा धूळ आहे, हे त्यांना कुणी स्वप्नात येऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पण गाळ्यातल्या तिघांच्या लक्षात येईना, आणि तिथून पुढं जो काही घोळ सुरू झाला, विचारू नका!

म्याडम चकती मशिनीतून काढत, तिरप्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली धरत, आणि मान हलवत. ठिपके. पांढरे, चमकणारे, बारीक ठिपके. त्या उजेडात कुठलाही कण पांढराच चमके. हौसेरावांनीही एकदा डोळा लावून पाहिलं. अमावास्येच्या आभाळात चांदण्या असाव्यात तसं दिसलं. त्यांना तर ते छानच वाटलं, पण म्याडमचा चेहरा बघून ते गप्प बसले.

आधी संशय डोंगरावरच्या दगडखाणीवर गेला. तिथं दुपारी सुरुंग उडायचे आणि सगळ्या एमआयडीसीवर पांढरा धुरळा बसायचा. दाराच्या फटींना रबर लावलं. ठिपके तसेच. मग पाणी बदललं. हवा गाळायची जाळी बदलली. म्याडमनी काजळ सोडलं, टिकली सोडली. तरी ठिपके! एके दिवशी साहेब मिशी काढून आले. मिशीचा केस गळत असेल, म्हणे. हौसेरावांच्या काळजात धस्स झालं. आपल्याकडं बाप गेल्याशिवाय का कुणी मिशी उतरवतं? ते जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "कधी झालं सायेब? आजारी हुते का?" साहेबांना काही कळेना. हौसेराव त्यांचा दंड दाबत राहिले. "धीर धरा. असतंय त्ये." शेवटी म्याडमनी मिशीचं कारण सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी तिघंही एकदम हसले.

पण हसू टिकलं नाही. ठिपके वाढत चालले. वाढणारच! कारण साहेबांचा उतरलेला चेहरा पाहून हौसेरावांचा जीव तुटायचा आणि ते चिमटीऐवजी मूठ उघडायचे. ठिपके वाढले की भंडारा वाढे, भंडारा वाढला की ठिपके. "खंडेराया, इतकं करतोय, तुला दिसत न्हाय का रं?" असं ते जाळीपुढं वाकून विचारत. पंखा घूं घूं करत ते सगळं आत ओढून घेत होता.

बंगलोरची मंडळी यायची तारीख तोंडावर आली, आणि साहेबांनी काय करावं? संध्याकाळी काम थांबलं की पोटमाळ्यावर जाऊन खेळत बसायला लागले. खाली मशीन अडलेलं, आणि वर साहेब जुन्या टीव्हीला तो मोडका कॉम्प्युटर जोडून विमानं पाडतायत! हौसेरावांच्या डोक्याची मंडई झाली. हा माणूस उद्याची वस्तू बनवायला निघालाय आणि जीव लावतोय तो कालच्या कचऱ्याला. घर जळतंय आणि हा गोट्या खेळतोय. एका संध्याकाळी त्यांना राहवेना. दणादणा जिना चढून वर गेले.

"सायेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. पर हे काय चाललंय? आमी तुमच्या भरवशावर हाय. माजी पाठ गेलीया. ह्यो गाळा बंद झाला तर मला गावाकडं भावाच्या उंबऱ्यावर नाक घासाय लागंल. आन् तुमी खेळताय?"

साहेब रागावले नाहीत. त्यांनी बाजूचं खोकं रिकामं केलं आणि हौसेरावांना बसायला दिलं. "खेळत नाहीये हो. खेळ चालूच होत नाहीये. काल नीट चालत होता." त्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. कॅसेट फिरली, किर्रर्र किंचाळल्यासारखा आवाज आला, टीव्हीवर रंगीत पट्टे धावले आणि सगळं थांबलं. "बघितलंत? या कॅसेटीतून खेळ आत यायला वेळ लागतो. मध्ये एवढासा कण आला तरी सगळं मुसळ केरात. कॉलेजात असताना मी रात्र रात्र हे करत बसायचो. तेव्हाच डोक्यात शिरलं, की असलं मशीन आपणही बनवायचं. हे खेळ पुन्हा कुणी बनवणार नाही, म्हणून ठेवतो. दुसरं काय कारण सांगू? मला तरी कुठं नीट माहीत आहे?"

बोलता बोलता त्यांनी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावलं आणि कॅसेट जिथं टेकते तो भाग आतून पुसला. बोळा बाहेर काढला. बोळा पिवळा होता.

साहेब बोळ्याकडं बघत बसले. पुन्हा नवा बोळा घातला. तोही पिवळा. "हे काय आहे? गंज तर नाही." त्यांनी वास घेतला. "हळद? इथं हळद कुठून आली?"

हौसेरावांचा चेहरा उजळला. चला, कुणाच्या तरी लक्षात आलं! "हळद न्हाय सायेब, भंडारा हाय. पालीचा. मीच लावतो रोज. समद्यास्नी लावतो."

"सगळ्यांना म्हणजे?"

"ह्या तुमच्या खेळण्यास्नी. आन् खालच्या मशिनीला बी. तिला तर पैली. तिचं कपाळ उगडं ठेवलं न्हाय एक दिवस."

बोळा हातात तसाच धरून साहेब उठले. मग त्यांनी जिन्यावरून म्याडमना हाक मारली. आवाज असा की हौसेरावांना वाटलं, साहेबांना भोवळबिवळ आली.

म्याडमनी मशिनीची मागची बाजू उघडली. जाळीच्या आत, पंख्याच्या पात्यांवर, कडेकोपऱ्यात पिवळी साय धरली होती. त्यांनी बोटानं ती खरवडून पाहिली. मग भडकल्या. "काका! आम्ही जग पालथं घालतोय आणि तुम्ही रोज सकाळी येऊन कचरा टाकताय आत?"

"म्याडम, तोंड सांबाळून!" हौसेरावांचा जुना मार्केटी आवाज गाळाभर घुमला. "कचरा कुणाला म्हंता? देवाचा हाय त्यो!"

"देवाचा असेल. पण चकतीला ते कळत नाही ना, काका," म्याडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग हौसेरावांनाच अपराध्यासारखं झालं. त्यांनी स्वतः बाह्या सारल्या. मशीन सगळं सुटं करून तिघांनी धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. साहेब त्यांना एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पण पुसता पुसता हौसेरावांच्या मनात एकच घोळत होतं. भंडाऱ्यानं ठिपके पडतील कसे? हा भंडारा कपाळाला लावून मी बोहल्यावर उभा राहिलो. हाच भंडारा लावून ट्रकावरून पडलो आणि जगलो. हे काहीतरी दुसरंच असणार. धुळीचं असेल, पाण्याचं असेल. देवाचं नसणार.

घरी आले तर वेणूबाई बघतच राहिल्या. "आवो, तोंड का असं? काय जालं?"

हौसेरावांनी सगळं सांगितलं. वेणूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंग आता?"

"आता परवा बंगलोरचं सायेब येणार. भंडारा न लावता मशीन चालवायचं. ठिपकं न्हाय निघालं, तर नोकरी ऱ्हायली. पर मग माज्या हातानं देवच माती कालवत हुता, असं जालं." ते जरा थांबले. "आन् ठिपकं निघालं, तर देव सुटला. पर नोकरी गेली. दादाच्या दारात."

"मंग तुमी देवाकडं मागणार तरी काय?"

"त्येच तर कळंना, वेणू." आणि ते डोक्याला हात लावून बसले. असा माणूस, ज्यानं सबंध मार्केटात कुणापुढं मान खाली घातली नाही, तो देवाऱ्यापुढं बसला आणि हात जोडून गप्पच राहिला. मागणंच सुचेना.

तपासणीच्या दिवशी बंगलोरचे साहेब आले. चहाला नको म्हणाले, थेट पांढरे झगे घालून आत गेले. नंदकुमार साहेबांनी हौसेरावांना आत बोलावलं. "चकत्यांची टोपली तुम्हीच लावा. तुमचा हात हलत नाही." हौसेरावांनी नळावर तोंड तीनतीनदा धुतलं होतं, नखं कापली होती. खिशात नेहमीची भंडाऱ्याची पुडी नव्हती. तिच्याशिवाय खिसा फार हलका वाटत होता. त्यांनी टोपली आत ठेवली. दार बंद झालं. पाणी सुटलं, चकत्या गरगर फिरल्या, गरम हवा घोंघावली. सगळे काचेतून आत बघत होते. हौसेराव कुणाकडंच बघत नव्हते.

म्याडमनी चकती काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. इकडून तिकडं सरकवली. पुन्हा सरकवली. मग बाजूला झाल्या आणि बंगलोरच्या साहेबांना जागा दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. दुसरी चकती मागितली. तिसरी मागितली. मग सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला आणि फडक्याआडून म्हणाले, "क्लीन. अगदी क्लीन."

म्याडमनी आनंदानं उडीच मारली, झग्यात पाय अडकून पडता पडता वाचल्या. नंदकुमार साहेबांनी हौसेरावांना मिठी मारली. "वाचलो हौसेराव! वाचलो! आता कुठं जायचं नाही तुम्हाला!"

हौसेराव हसायला गेले, पण हसू आलं नाही. ते तिथंच, त्या चकचकीत फरशीवर खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. पाहुणे गडबडले. म्याडम धावल्या. साहेब त्यांच्याजवळ उकिडवे बसले, तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाले, "अहो, रडता काय? पास झालो आपण! एकसुद्धा ठिपका निघाला नाही!"

हौसेरावांनी मोज्याच्या हातानं डोळे पुसले.

"एक तरी निघाय पायजे हुता, सायेब," ते म्हणाले. "एक तरी."